मिलिंद राजा आणि ग्रीक-रोमन विद्येचा अभ्यास

विद्यापीठांतून ग्रीक-रोमन जगाचा अभ्यास म्हटला की अथेन्स आणि रोम एवढाच पट डोळ्यांसमोर येतो. मराठवाड्यातील विद्यार्थ्याला तो परका वाटतो, यात नवल नाही. परंतु इ. स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस १० दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचे तेर, असल्याची नोंद असून तेथील कापड भडोचला जात असल्याचे सांगितले आहे. (तेर प्रत्यक्षात आग्नेयेस आहे, ही गोष्ट वेगळी.) नकाशावर या दोन नगरांना जोडणारी रेघ बीडजवळच्या कपिलधार परिसरातून जाते.

याच प्रदेशासाठी बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय स्थापिले व पुढे त्यास मिलिंदाचे, एका ग्रीक राजाचे, नाव दिले. त्या नावाचा आपणांस अभिमान आहे. अभ्यास मात्र अभिमानापाशीच थांबला आहे.

'मिलिंदपञ्हा'च्या अखेरीस राजा पुत्राकडे राज्य सोपवून प्रव्रजित होतो व अर्हत्पद मिळवितो. आपल्या लेखांतून हीच कथा इतिहास म्हणून येते. ग्रीक लेखक प्लुटार्क मात्र सांगतो की मिनांडर लष्करी छावणीत, राजा असतानाच मरण पावला आणि नगरांनी त्याची रक्षा वाटून घेऊन स्मारके उभारली. दोन्ही कथने एकत्र खरी असू शकत नाहीत. येथे ग्रंथाच्या जुन्या भागाकडे वळावे लागते. त्यात राजा स्वतःस सोन्याच्या पिंजऱ्यातील सिंहाची उपमा देतो. शत्रू पुष्कळ असल्याने गृहत्याग केल्यास आपण फार काळ जगणार नाही, असे म्हणतो. चिनी भाषांतरेही याच भागाशी जुळतात. अर्हत्पदाची कथा त्यानंतरची. म्हणजे जुना पाली मजकूर प्लुटार्कच्या अधिक जवळ आहे.

टार्न यांनी १९३८ साली या जुन्या भागामागे ग्रीक मूळ शोधले. १९५७ साली अवधकिशोर नारायण यांनी हा इतिहास भारताचा ठरविला. राजा कोणाचा, या वादात नागसेनाचे उत्तर काय होते हे मागे पडले, असे आम्हांस वाटते.

रक्षावाटपाची कथा तथागतांच्या धातुविभाजनाशी विलक्षण जुळते. ती प्रत्यक्ष घटना होती की बौद्ध आठवणीचा ग्रीक लेखणीत उमटलेला ठसा, याचा शोध घेण्यास महापरिनिब्बानसुत्त पालीत आणि प्लुटार्क ग्रीकमध्ये वाचणारा अभ्यासक हवा. नागसेनवनातील विद्यार्थ्यास पाली मिळते. ग्रीकची मुळाक्षरे त्याला मिनांडरच्या नाण्यांवरूनही शिकता येतील, कारण त्यांच्या एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत त्याच राजाचे नाव आहे.