नामदेवाचा हट्ट आणि ‘संस्कारक्षम’ समीक्षा

हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव, अशी परंपरा आहे, जन्मसाल १२७०. मराठीत मुलांना ज्या संतांच्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांत नामदेवांची गोष्ट फार पुढे आहे. त्याला कारणही आहे. तिचा नायकच मूल आहे. वडील दामाशेटी परगावी गेलेले, आई गोणाई नैवेद्याचं ताट पोराच्या हाती देते. देवाला जेवू घालायचं, असं घरात रोज बोललं जातं आणि पोराने ते शब्दशः धरलेलं. ताट ठेवलं, देव काही जेवेना. मग विनवण्या, रडारड, डोकं आपटून घेण्याची धमकी. शेवटी देव जेवतो. खरी गंमत त्यापुढे आहे. रिकामं ताट घेऊन आलेल्या पोरावर घरात कुणाचा विश्वासच बसत नाही.

मोठ्यांनी सवयीने उच्चारलेलं वाक्य एक मूल खरं मानतं आणि गोत्यात येतात ते मोठेच. बालकथेला आणखी काय हवं? पण मुलांसाठीच्या बहुतेक पुस्तकांत ही गोष्ट ‘भोळ्या भक्तीला देव पावतो’ या तात्पर्यावर आणून बसवलेली असते. अविश्वासाचा भाग दोन ओळींत उरकतो, कधी गळूनच जातो. पुस्तकाचा परिचय छापून येतो तेव्हा त्यातही ‘संस्कारक्षम’ हा शब्द हमखास असतो. लेखकाने गोष्ट कुठे थांबवली, काय गाळलं, कुणाच्या बाजूने सांगितली, हे परिचय लिहिणारा विचारत नाही. मराठी बालसाहित्याच्या समीक्षेचं दुखणं नेमकं इथे आहे. पुस्तक मुलाला काय शिकवतं हे ती तपासते. कसं सांगतं याकडे क्वचित वळते.

औंढा नागनाथाची गोष्ट याहून बोलकी आहे. देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना मागे जायला लावलं आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही ती आख्यायिका. औंढ्याला नंदी देवळाच्या मागच्या अंगाला आहे, त्याचा दाखलाही तिथले लोक याच गोष्टीशी जोडून देतात. नामदेवांची एकसष्ट पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यांतल्या एका पदात देऊळ फिरल्याचा हा प्रसंग आहे आणि तिथे गावाचं नाव नसलं, तरी अपमानाचं कारण लपवलेलं नाही. आपल्याला जातीवरून उठवलं, असं ते पद स्वच्छ सांगतं आणि या जातीत जन्माला का घातलंस, असा जाब देवालाच विचारतं. मुलांच्या पुस्तकांत मात्र पुष्कळदा ‘काही अहंकारी लोकांना नामदेवाचा हेवा वाटला’ एवढंच उरतं. हेवा हा स्वभावदोष झाला. जात ही व्यवस्था. जातीच्या जागी हेवा ठेवला की चमत्कार शिल्लक राहतो आणि प्रश्न नाहीसा होतो. मुलांना झेपणार नाही म्हणून हे गाळतात, असं समर्थन असतं. पण ज्या मुलांना हे वर्गात, पाणवठ्यावर झेलावं लागतं, त्यांना ते झेपतं की नाही हे ठरवणारे कोण? जॅकलिन रोझ या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी १९८४ साली ‘पीटर पॅन’च्या निमित्ताने दाखवून दिलं होतं, की बालसाहित्यातलं मूल हे बरंचसं मोठ्यांच्या गरजेतून घडवलेलं असतं. नामदेवाच्या गोष्टीला ते अगदी लागू पडतं.

बालसाहित्याच्या समीक्षेच्या या मोजपट्टीला इतिहास नाही असं नाही. वि. को. ओकांचं ‘बालबोध’ मासिक १८८१ साली सुरू झालं, वा. गो. आपट्यांचं ‘आनंद’ १९०६ साली. दोन्हींचा पिंड शिक्षकाचा होता. ज्ञान आणि नीती मुलांपर्यंत पोचवणं हे काम होतं आणि ते त्यांनी मन लावून केलं. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने १९३५ मध्ये त्यात जिव्हाळा आणला. मालतीबाई दांडेकरांनी ‘बालसाहित्याची रूपरेषा’ लिहून या सगळ्याचा आढावा घेतला. तेव्हाची मोजपट्टी त्या काळाला धरून होती. बिघडलं पुढे. लेखन बदललं, मोजपट्टी तीच राहिली. हिंगोलीकडच्या भागाला तर या आरंभाचा वाटाच मिळाला नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. पुण्या-मुंबईच्या मुलांच्या हाती अर्धशतकभर मासिकं येत होती, तेव्हा इथलं मूल जात्यावरच्या ओव्या आणि कीर्तनातली आख्यानं ऐकून वाढत होतं. ते साहित्य कमी दर्जाचं नव्हतं, पण बालसाहित्याच्या हिशेबात त्याची नोंद झाली नाही.

वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याचे कवी इंद्रजित भालेराव यांची गोष्ट इथे आठवते. ‘माझ्या गावाकडं चल माझ्या दोस्ता’ ही त्यांची कविता मराठवाड्यातल्या शाळाशाळांतून मुलं ताल धरून म्हणतात. ‘रानमळ्याची वाट’ हा त्यांचा मुलांसाठीचा संग्रह. त्यांच्या ‘पीकपाणी’ या मोठ्यांसाठीच्या संग्रहावर चर्चा पुष्कळ झाली, मुलांसाठीच्या कवितेवर तिच्या पासंगालाही पुरेल एवढं लेखन नाही. वास्तविक तिची लय कुठून येते, मोटेची गाणी आणि ओव्या तिच्यात कशा उतरतात, शहरी मूल ती म्हणताना पाहुणा असतं की यजमान, हे विचारण्यासारखं आहे. विंदा करंदीकरांच्या बाबतीत हेच झालं. त्यांची मोठ्यांची कविता अभ्यासक्रमात जाऊन बसली आणि मुलांसाठीची ‘राणीची बाग’ कौतुकाच्या कोपऱ्यात राहिली.

चित्रांबद्दल तर न बोललेलं बरं. माधुरी पुरंदरे यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. लिहिणारा आणि काढणारा हात एकच असला की काय साधतं, हे त्यांचं ‘राधाचं घर’ उघडलं तरी कळतं: शब्द थोडे, आणि घरातल्या माणसांचे स्वभाव त्यांच्या बसण्या-उठण्यातून दिसणारे. पण मराठीतल्या परीक्षणांत चित्रकाराच्या वाट्याला बहुधा ‘समर्पक चित्रे’ हे दोनच शब्द येतात. नामदेवांच्या पुस्तकांतला पाच-सहा वर्षांचा नामदेव कित्येकदा छोट्या मापाचा प्रौढ संत दिसतो, हातात टाळ घेतलेला. हट्ट करणारं पोर चित्रातूनही हद्दपार.

विषयांचं म्हणाल तर वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळद उकडायच्या दिवसांत कढईची वाफ, वाळवणाचे पिवळेधमक पट्टे, पॉलिशच्या ड्रमचा खडखडाट यांत इथली लेकरं वावरतात. त्यावरचं मुलांचं चित्रपुस्तक कुणाला चटकन आठवणार नाही. बंजारा तांड्यावर घरी गोरमाटी बोलून शाळेत मराठी शिकणाऱ्या मुलाचंही तेच. उणीव लेखकांची आहेच, पण ती बोलून दाखवणं हे समीक्षेचं काम होतं. आशेला जागा आहे ती शेजारी. नांदेडचे सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ या कवितासंग्रहाला २०२५ चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आणि सावंत स्वतः बालसाहित्यावर सातत्याने लिहिणारे आहेत. मात्र पुरस्काराच्या बातमीनंतर सत्काराचे फोटो जितके छापून येतात, तितके कवितांवरचे लेख येत नाहीत.

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक आता कुणालाही मोबाइलवर फुकट वाचता येतात. एवढा पन्नास वर्षांचा ऐवज हाताशी असताना त्यातल्या कथांतली मुलगी कशी बदलली, खेडं कसं बदललं, यावर काम करायला एम.ए.च्या विद्यार्थ्याला हिंगोली सोडावी लागणार नाही. प्रबंध होतातही, पण लेखकाचं चरित्र, ग्रंथांची यादी, मग आशय, अभिव्यक्ती, मूल्ये या ठरल्या प्रकरणांतून ते क्वचित बाहेर पडतात.

मुलांचं स्वतःचं मत विचारायला सुरुवात झाली आहे, तीही अर्धीच. शालेय शिक्षण विभागाच्या महावाचन उत्सवात मुलांनी वाचलेल्या पुस्तकाविषयी लिहायचं असतं. वर्गात त्याचा ‘सारांश आणि मिळालेला बोध’ होतो, कारण शिक्षकांनाही तेच शिकवलं गेलं आहे. नामदेवाच्या घरच्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही ते आपल्याला आवडलं नाही, असं चौथीतल्या पोरीने लिहिलं, तर त्याला गुण किती द्यायचे हे अजून ठरलेलं नाही.