टेक्स्टबुक कम्पॅनियन केलं, म्हणजे ओपन सोर्समध्ये योगदान झालं का?

पीएचडीआधी ओपन सोर्समध्ये काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू? असं विचारलं की हमखास मिळणारं एक उत्तर म्हणजे आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाचं टेक्स्टबुक कम्पॅनियन. सल्ला चांगला आहे, पण अर्धाच आहे.

काम साधं आहे. एखादं नावाजलेलं पाठ्यपुस्तक निवडायचं आणि त्यातली सोडवलेली उदाहरणं सायलॅब किंवा पायथनमध्ये लिहायची. तपासणारे ती बघतात, चुका काढतात, मग कोड सगळ्यांसाठी खुला होतो. मॅटलॅबचं लायसन्स न परवडणाऱ्या कॉलेजांसाठी हा साठा खरंच मोलाचा आहे. शिवाय आपला कोड दुसरा कुणीतरी वाचणार, हे भान पहिल्यांदा इथेच येतं. नागपुरात बसूनही हे सगळं करता येतं.

अडचण पुढे आहे. इथे उत्तर आधीच छापलेलं असतं. ते जुळलं की काम संपलं. जुळलं नाही तर? या साठ्यातल्या अनेक फायलींमध्ये कॉमेंट दिसते: पुस्तकातलं उत्तर चुकीचं आहे. बस्स, एवढंच! का चुकीचं, ते बऱ्याचदा लिहिलेलं नसतं. छपाईची चूक, की लेखकाने मधल्या पायरीवर आकडा दोन दशांशांपर्यंत कापला, की स्थिरांकाची किंमत वेगळी घेतली, की आपलंच सूत्र चुकलं? माझ्या मते त्या फाइलमधली खरी संशोधनाची जागा तीच होती, आणि ती एका ओळीत उरकली.

दुसरं म्हणजे, हे पुस्तक तुमचं एकट्याचं असतं. सायलॅब वापरलं जातं, पण सायलॅबमध्ये काहीच बदलत नाही. ओपन सोर्समधलं योगदान म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमध्ये बदल सुचवायचा, तो का हवा ते पटवायचं, आणि नकार आला तर पुन्हा मांडायचं. पेपरच्या रिव्ह्यूमध्ये याहून वेगळं काय असतं?

म्हणून कम्पॅनियन करा, पण तिथेच थांबू नका. न जुळलेलं प्रत्येक उदाहरण कारणासकट लिहा. मग एक सॉफ्टवेअर निवडा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी फॉसीचंच ‘ईसिम’ आहे, कायकॅड आणि एनजीस्पाइसवर उभारलेलं. पहिल्याच दिवशी कोड बदलायला जाऊ नका. नोंदवलेल्या तक्रारींपैकी एक उचला आणि ती आपल्या मशीनवर घडते का बघा. ऑपरेटिंग सिस्टीम, आवृत्ती, नेमक्या पायऱ्या आणि चूक दाखवणारं सगळ्यात लहान उदाहरण लिहून द्या. एवढं केलंत तरी दुरुस्ती करणाऱ्याचा वेळ वाचतो.

सीव्हीवर प्रमाणपत्राची ओळ जरूर टाका. पण पीएचडीच्या पहिल्या वर्षी जो प्रश्न समोर येतो, त्याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात छापलेलं नसतं. त्याची तयारी या दुसऱ्या कामातून होते.