एमसीआर-१ चा पेपर आपण जास्तच वाचतो

नोव्हेंबर २०१५ मध्ये 'द लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस'मध्ये चीनमधल्या लिऊ आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. कोलिस्टिनला दाद न देणारं एमसीआर-१ हे जनुक त्यांना प्लास्मिडवर सापडलं, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारं. हा शोध पक्का आहे. माझा आक्षेप पेपरवर कमी, तो उद्धृत करायच्या आपल्या सवयीवर जास्त.

आकडे बघा. जनावरांच्या ८०४ नमुन्यांपैकी १६६, कच्च्या मांसाच्या ५२३ पैकी ७८, संसर्ग झालेल्या रुग्णांच्या १,३२२ पैकी फक्त १६. यावरून आपण सिनॉप्सिसमध्ये बिनधास्त लिहितो, 'जनावरांकडून माणसांत प्रसार सिद्ध झाला.' (मीही लिहिलं होतं. गाईडने लाल रेघ मारली.) हे तीन वेगळे गट आहेत, दिशा सुचते, सिद्ध होत नाही. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनवर बंदी घातली ती योग्यच, कारण धोका टाळायला एवढा पुरावा पुरे. प्रबंधाला नाही.

समजा, कल्याणच्या तबेल्यातल्या कासदाह झालेल्या म्हशीच्या दुधात आणि डोंबिवलीतल्या रुग्णाच्या लघवीत हेच जनुक मिळालं. तरी कोणाकडून कोणाकडे गेलं, हे कळत नाही. मूळ पेपरमधला प्लास्मिड आयएनसीआय-२ गटातला. पुढे तेच जनुक आयएनसीएक्स-४ वरही सापडलं. म्हणून नुसत्या पीसीआरच्या पट्टीवर थांबू नका. पूर्ण जीनोम, एकाच काळातले नमुने, शिवाय तबेल्यातले कामगार आणि गटाराचं पाणी, हे सगळं आराखड्यात आधीच हवं.