मागणीनुसार दूरचित्रवाणी आणि बोलीचे व्याकरण

दूरचित्रवाणीवरील संवाद हे काही वर्षांपूर्वीपर्यंत ऐकताक्षणीच विरून जाणारे वाङ्मय होते. ठरलेल्या वेळी ते कानी पडे. ज्याचे ऐकणे हुकले त्याला ते पुन्हा मिळण्याची शाश्वती नसे. ग्रामीण कादंबरीतील बोलीची चिकित्सा मराठी समीक्षेने जितक्या कसोशीने केली, तितकी मालिकांतील बोलीची केली नाही, याचे एक कारण हेच असावे. हे कारण आता उरलेले नाही. बीबीसीने २५ डिसेंबर २००७ रोजी ‘आयप्लेअर’ ही मागणीनुसार कार्यक्रम दाखविणारी सेवा सुरू केली, तेव्हा बहुतेक कार्यक्रम प्रक्षेपणानंतर केवळ सात दिवस उपलब्ध राहत. २०१४ साली ही मुदत तीस दिवसांची झाली आणि २०१९ साली नियामक संस्थेच्या संमतीने ती वर्षभरापर्यंत वाढविण्यात आली. मराठीत झी समूहाची ‘झी ५’ ही सेवा फेब्रुवारी २०१८ मध्ये अवतरली. प्रसार भारतीची ‘वेव्ह्ज’ ही सेवा २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील चित्रपट महोत्सवात सुरू झाली, आणि तिच्या भाषांत मराठीचा समावेश आहे. जे उच्चारित होते ते अशा रीतीने संहिता झाले आहे. ते थांबविता येते, मागे नेता येते, दोनदा ऐकता येते. आणि जे दोनदा ऐकता येते त्याच्या व्याकरणाची जबाबदारी लेखकाला टाळता येत नाही.

‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६ ते २०२१) ही मालिका या दृष्टीने लक्षणीय आहे. ती सुरू झाली तेव्हा ‘झी ५’ अस्तित्वात नव्हते आणि संपली तेव्हा तिचा प्रेक्षक दोन्हीकडे वाटला गेला होता. तिची नायिका राधिका नागपूरची. तिच्या वाणीला नागपुरी वळण दिलेले होते, आणि हे वळण निव्वळ स्थलदर्शक नव्हते. पती गुरुनाथ याला जी पत्नी आपल्या शहरी राहणीस विसंगत वाटते, तिची ती एक खूण होती. पुढे हीच स्त्री मसाल्यांच्या मोठ्या उद्योगाची स्वामिनी होते. जी वाणी आरंभी उपहासाचा विषय होती ती कर्तृत्वाशी जोडली जावी, ही कथाकल्पना बोलीच्या प्रतिष्ठेस निःसंशय अनुकूल होय. मराठी मालिकांत वैदर्भी बोलीला इतके दिवस इतके मध्यवर्ती स्थान क्वचितच लाभले असेल, हेही मान्य करावयास हवे.

प्रश्न निराळाच आहे. ‘नागपुरी वळण’ म्हणजे नेमके काय, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर नागपूर शहरात शोधण्यापेक्षा हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरसारख्या गावी शोधणे अधिक फलदायी ठरेल. वर्धा नदीच्या पलीकडे अमरावती व यवतमाळ हे जुन्या वऱ्हाडचे जिल्हे, ईशान्येस नागपूर. मधल्या या कापसाच्या पट्ट्यात वऱ्हाडी कोठे संपते आणि नागपुरी कोठे सुरू होते हे सांगणे दुष्कर आहे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडातही (१९०५) या दोन बोलींचा निकटचा संबंध नोंदविलेला आहे. येथील बोलीची ठळक लक्षणे अशी. ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो: डोळा हा डोया, काळा हा काया. चतुर्थीला ‘ला’ऐवजी ‘ले’: मले, तुले. चालू क्रियेसाठी ‘तो काम करून राहिला’ अशी रचना, जिचे हिंदीतील ‘कर रहा’शी साम्य उघड आहे. आणि भविष्यकाळी द्वितीय व तृतीय पुरुषी ‘ल’च्या जागी ‘न’: तू येशीन, तो येईन.

यांतील पहिले लक्षण ध्वनीचे आहे. उरलेली तीन व्याकरणाची. शिवाय ‘काहून’सारखे काही शब्द आहेत, ते कोशाचे. मालिकालेखक जेव्हा बोली उसनी घेतो तेव्हा प्रथम शब्द घेतो, मग हेल घेतो, क्वचित एखादा ध्वनी घेतो, आणि व्याकरणाशी आला की तो सहसा थबकतो. ‘काहून’ मुंबईच्या श्रोत्यालाही कळते व गंमत वाटते. ‘तो येईन’ त्याला लेखकाची चूक वाटेल अशी भीती असते. परिणामी पडद्यावर जी बोली निर्माण होते ती प्रमाण मराठीच्या सांगाड्यावर चढविलेला वैदर्भी अंगरखा असते. अल्लीपूरच्या श्रोत्याला पहिल्या श्रवणात ती आपली वाटते, दुसऱ्या श्रवणात वाटत नाही. आणि मागणीनुसार सेवेने त्याला दिले आहे ते दुसरे श्रवणच.

‘चला हवा येऊ द्या’ (२०१४ पासून) या कार्यक्रमात भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी ऐकली की हा भेद चटकन ध्यानी येतो. ते मूळचे अमरावतीकडील. त्यांच्या बोलण्यात वाक्याचा सांगाडाच वऱ्हाडी असतो, शब्द त्यावर आपोआप बसतात. मात्र येथे अडचण दुसरी आहे. तो कार्यक्रम विनोदाचा. बोली जेथे अस्सल ऐकू येते तेथे ती हसण्याची जागा असते, आणि जेथे ती गंभीर प्रसंगी येते तेथे बहुधा अर्धीमुर्धी असते. शिक्षणासाठी वर्ध्याला वा पुण्याला गेलेला विद्यार्थी ‘मले’ गिळून ‘मला’ म्हणू लागतो, त्यामागे व्याकरणाचा धाक जितका असतो तितकेच हे हसूही असते.

ब्रिटिश सेवेचे उदाहरण येथे सरसकट उपयोगी नाही. ‘आयप्लेअर’वर वेल्श वाहिनी ‘एस फोर सी’चे कार्यक्रम २०१४ सालापासून मिळतात, गेलिक कार्यक्रमही मिळतात, पण त्या स्वतंत्र भाषा होत. यॉर्कशायरच्या इंग्रजीला तेथेही वेगळा कप्पा नाही. तेव्हा ‘झी ५’ वा ‘वेव्ह्ज’ यांच्या सूचीत ‘मराठी’ या एकाच नावाखाली सर्व काही येते, याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. वऱ्हाडीला वेगळा कप्पा देणे म्हणजे तिला मराठीबाहेर काढणे होईल, आणि ज्या भूमीत रिद्धपूर आहे, जेथील महानुभावांनी मराठी गद्याचा पाया घातला, तेथील बोलीबाबत तर ते विपरीतच ठरेल.

बीबीसीकडून घेण्याजोगी गोष्ट अन्यत्र आहे, ती उपशीर्षकांच्या नियमांत. बधिर प्रेक्षकांसाठी ही संस्था इंग्रजी कार्यक्रमांना इंग्रजीतच उपशीर्षके देते. तिच्या मार्गदर्शिकेत प्रादेशिक बोलींसंबंधी स्पष्ट सूचना आहे. बोलीचे उच्चार अक्षरशः लिहून काढू नयेत, कारण त्याने वाचन मंदावते आणि बोलणाऱ्याची थट्टा होण्याचा संभव असतो. चवीपुरते काही शब्द उच्चारानुसार लिहावेत. बोलीचे व्याकरण मात्र सहसा दुरुस्त करू नये. मराठी मालिकांचा प्रघात याच्या नेमका उलटा पडतो. तेथे उच्चार सैल सोडतात व व्याकरण राखतात, येथे उच्चार मिरवितात व व्याकरण सुधारून घेतात.

हा भेद केवळ तात्त्विक राहणार नाही. इंग्रजी उपशीर्षकांत ‘मले’ आणि ‘मला’ यांचे एकच भाषांतर होते, म्हणून तेथे प्रश्न उठतच नाही. परंतु समभाषिक उपशीर्षकांचा प्रयोग आपल्याकडे नवा नाही. अहमदाबाद दूरदर्शनवरील ‘चित्रगीत’ या गुजराती चित्रपटगीतांच्या कार्यक्रमात तो १९९९ सालीच झाला. मराठी संवादांखाली मराठी अक्षरे उमटू लागतील तेव्हा ती लिहिणाऱ्यास प्रत्येक वाक्याशी निर्णय करावा लागेल. ‘डोया’ लिहावे की ‘डोळा’, हा त्यातला सोपा भाग. ‘डोळा’ लिहिले तरी ऐकणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. समजा एखादी आई मुलाविषयी म्हणते, ‘उद्या येईन’. अल्लीपूरला संदर्भावरून कळते की येणार तो मुलगा. अन्यत्रचा वाचक समजेल की येणार ती आईच. लेखनिकाने ‘येईल’ लिहिले तर अर्थ वाचतो आणि बोली जाते. ‘येईन’ ठेवले तर बोली वाचते आणि अर्थ डळमळतो. ‘तो उद्या येईन’ असे सर्वनाम मूळ संवादातच घातले तर दोन्ही वाचतात. पण ते काम उपशीर्षक लिहिणाऱ्याचे नव्हे, संवादलेखकाचे. आणि त्यासाठी त्याला ‘काहून’च्या पुढे जाऊन ही बोली शिकावी लागेल.