नव-गॉथिक वास्तुशैली, मुंबईतील

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतील सार्वजनिक इमारतींतून रूढ झालेली वास्तुशैली. इंग्लंडमधील गॉथिक पुनरुज्जीवनाच्या चळवळीतून ती उद्‌भवली. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाच्या व्यापारातून शहरात आलेला पैसा आणि गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या कारकीर्दीत (१८६२–६७) कोटाची तटबंदी पाडल्याने मोकळी झालेली जागा, यांमुळे तिला येथे वाव मिळाला. सचिवालय (१८७४), उच्च न्यायालय (१८७८), राजाबाई मनोरा (१८७८) व व्हिक्टोरिया टर्मिनस (१८८८; १९९६ ते २०१७ छत्रपती शिवाजी टर्मिनस, सध्याचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) या तिच्या प्रमुख वास्तू होत.

ही शैली केवळ परदेशातून आणलेली होती, हे मत अर्धेच खरे आहे. विद्यापीठाच्या वास्तूंचा आराखडा करणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट (१८११–७८) भारतात कधी आला नाही, हे खरे. परंतु उत्तर यूरोपात काचा बसवून बंद केलेली टोकदार कमान मुंबईत उघडी राहिली आणि तिच्यामागे व्हरांडा आला. ऊन व पावसाचा मारा त्यामुळे आतल्या भिंतीपर्यंत पोहोचत नाही. दगडानेही शैलीला वळण लावले. स्थानिक काळा बेसाल्ट कोरण्यास कठीण, म्हणून तो भिंतींत; नक्षीकाम बहुधा पोरबंदरच्या मऊ चुनखडकात. त्यामुळे अनेक ठिकाणी दिसणारी गडद-फिकट रंगसंगती बरीचशी साहित्यातूनच आली आहे.

खरा प्रश्न शिल्पांचा आहे. जॉन लॉकवुड किपलिंग (१८३७–१९११) १८६५ पासून दहा वर्षे सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत वास्तुशिल्प शिकवीत होता. विल्यम इमर्सन याने आराखडा केलेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या (१८६९, सध्याची महात्मा फुले मंडई) प्रवेशद्वारांवरील त्याच्या उत्थित शिल्पांत श्रम करणारी माणसे आहेत. त्यांचे वाकणे, उचलणे पाहून केलेले आहे. मंडईत येणाऱ्याला ती परकी वाटत नाहीत.

राजाबाई मनोऱ्यावरील चोवीस पुतळ्यांची गोष्ट निराळी. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला हा मनोरा सु. ८५ मी. उंच आहे. पश्चिम भारतातील जातिजमातींचे नमुने म्हणून योजिलेल्या या पुतळ्यांचे नमुनाकाम सहायक अभियंता मुकुंद रामचंद्र यांनी केले. घडण कसबी आहे, तथापि येथे व्यक्ती नाही. पागोटे, वस्त्र व उभे राहण्याची ढब यांवरून ओळखावयाचा वर्ग आहे. शिवाय पुतळे इतके उंचावर आहेत, की खालून त्यांचे चेहरे जेमतेम दिसतात. हीच दृष्टी तत्कालीन छायाचित्रणातही आढळते. विल्यम जॉन्सन याच्या मुंबईतील जातिजमातींवरील दोन खंडांत (१८६३, १८६६) माणसांची स्वतंत्रपणे घेतलेली छायाचित्रे वेगळ्या पार्श्वभूमीवर जोडलेली आहेत. माणूस त्याच्या जागेपासून तोडून नमुना म्हणून मांडण्याची ही रीत दगडातही उतरली. वसाहतकालीन वर्गीकरणाची छाया या अंगाने शैलीवर पडली आहे. इमारतींच्या भव्यतेच्या कौतुकात ती सहसा नजरेआड होते.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याच्या व्हिक्टोरिया टर्मिनसमध्ये (बांधकाम १८७८–८८) मात्र सजावट पुन्हा मोकळी होते. पाने, पक्षी व प्राणी यांचे कोरीव काम कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून करून घेतले गेले. प्रवेशद्वाराच्या खांबांवरील सिंह व वाघ ही ब्रिटन व भारत यांची प्रतीके काहीशी ढोबळ वाटतात; स्तंभशीर्षांवरील बारीक पानाफुलांत अधिक जीव आहे. उच्च न्यायालयातील एका स्तंभशीर्षावर एका डोळ्यावर पट्टी बांधलेले, हाती तराजू धरलेले माकड आहे. अधिकृत प्रतीकयोजनेत न बसणारी अशी थट्टा मनोऱ्यावरील पुतळ्यांत कोठेही सापडत नाही.

स्टीव्हन्सच्याच महानगरपालिका भवनात (१८९३) घुमट व इतर भारतीय घटक गॉथिक चौकटीत मिसळले. पुढे जॉर्ज विटेटच्या गेटवे ऑफ इंडियात (१९२४) गॉथिक वळण जवळजवळ उरले नाही. टर्मिनसला २००४ मध्ये, तर ओव्हल मैदानाभोवतालच्या गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.