मरियमच्या प्रभावळीतली अक्षरे

इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या एका गावात मासाच्चो या चित्रकाराचे तीन लाकडी फळ्यांवरचे चित्र आहे. त्यावर २३ एप्रिल १४२२ ही तारीख आहे; मासाच्चो तेव्हा अवघ्या वीस वर्षांचा होता. तेथील सान जोव्हेनाले चर्चमध्ये ते विस्मृतीत गेले होते. १९६१ साली जाणकारांच्या नजरेस आले. बाजूच्या फळ्यांवर दोन-दोन संत आहेत, मधल्या फळीवर मरियम आणि बाळ येशू.

बाळ अंगाने भरलेले, आईच्या मांडीवर वजन टाकून बसलेले. एका हाताची बोटे ते चोखत आहे, दुसऱ्या हातात द्राक्षे आहेत. ही द्राक्षे ख्रिस्ती उपासनेतल्या द्राक्षरसाची, म्हणजे पुढच्या बलिदानाची खूण. बाळाला त्याचे काही नाही. आईचा चेहरा मात्र गंभीर आहे. दैवी बाळाला असे घरातले मूल करून दाखवणे, हे या तरुणाचे खरे धाडस.

उर्दू शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांची नजर मात्र मरियमच्या सोनेरी प्रभावळीवर अडते. तिथे अरबी वाटावीत अशी अक्षरे आहेत. अलिफसारखे उभे दंड, लामसारखी वळणे. उजवीकडून वाचा, डावीकडून वाचा, आम्हाला शब्द लागत नाही. त्यात कलमा उलट्या दिशेने लिहिला आहे, असे काही अभ्यासक म्हणतात. इतर जण ही अरबीची नुसती नक्कल मानतात. आम्हाला दुसरे मत पटते. वाचून लिहिणे आणि पाहून गिरवणे यांतला फरक पहिलीच्या शिक्षकाला चटकन कळतो.

गिरवायला नमुने होतेच. इजिप्त आणि सीरियातल्या मामलुक कारागिरांची पितळी तबके आणि रेशमी कापड इटलीत पोचत होते. जेन्तिले दा फाब्रियानोच्या १४२३ च्या चित्रात तर मरियमची प्रभावळ थेट अशा तबकासारखी, मधे फुले घालून विभागलेली आहे. १४२२ सालीच फ्लॉरेन्सने कैरोच्या सुलतानाकडे वकील पाठवले. त्यांतल्या फेलिचे ब्रान्काच्ची यांच्या घराण्याच्या प्रार्थनागृहात पुढे मासाच्चोने भिंती रंगवल्या.

आपल्याकडे अशी माहिती हाती लागली की ‘पाहा, चर्चमध्येही कलमा!’ म्हणून मिरवण्याचा मोह होतो. तो टाळावा. हजरत मरियमचा मान त्यावर अवलंबून नाही. कुरआनात नाव घेऊन उल्लेख आलेली ती एकमेव स्त्री. एकोणिसावी सूरह तिच्याच नावाची. तिथली मरियम सिंहासनावर नाही, खजुराच्या झाडाखाली एकटी कळा सोसते आहे.

तरी या अक्षरांना आम्ही खोटी म्हणणार नाही. परक्या लिपीत त्या चित्रकाराला एवढे सौंदर्य दिसले, की आपल्याकडच्या सर्वांत पवित्र माथ्यावर त्याने ती ठेवली. उणीव एकच: अर्थ विचारला नाही. ती उणीव त्याची एकट्याची नाही. आपल्या घरांतही सोनेरी चौकटीतल्या आयती भिंतीवर असतात आणि त्यांचा अर्थ सांगू शकणारे थोडेच असतात. लिपीला माथ्यावर घेणे सोपे असते. ती वाचायला बसावे लागते.