तिसरे सूत्र आणि आमचे कपाट

ग्रंथालयांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा दोन प्रकारचे असते. एक गौरवपर, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत शोभणारे. दुसरे विलापाचे, वाचक उरला नाही असा सूर लावणारे. या दोहोंहून निराळे, ग्रंथालय कशाने जगते याचा मुळापासून विचार करणारे एक पुस्तक १९३१ साली मद्रास ग्रंथालय संघाने प्रसिद्ध केले. डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या या इंग्रजी ग्रंथातील पंचसूत्री आज ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मुखोद्गत असते. पुस्तके वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा आणि ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे, हा तिचा आशय. सूत्रे पाठ झाली म्हणजे मूळ ग्रंथ वाचण्याची गरज उरत नाही असा आपला समज असतो. आमचाही तोच होता. निवृत्तीनंतर तो ग्रंथ सलग वाचला, तेव्हा त्याची थोरवी जशी ध्यानात आली तशीच त्याची एक मर्यादाही दिसली. त्या दोहोंविषयी येथे लिहावयाचे आहे.

प्रथम थोरवी. रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि लवकरच अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. तेथील ग्रंथालये पाहून त्यांनी जे जमवले त्याला गणिती शिस्त लावली. थोडक्या गृहीतांतून सगळा व्यवहार निघाला पाहिजे, हा आग्रह पानोपानी दिसतो. तरीही ग्रंथ रुक्ष नाही. युरोपात एके काळी पुस्तके साखळीने मांडणीला बांधून ठेवीत, तेथून पहिल्या सूत्राचे विवेचन सुरू होते. आणि साखळी गेली तरी साखळीची वृत्ती कशी टिकून आहे हे ते इमारतीची जागा, उघडण्याच्या वेळा, आसने, सेवकवर्ग अशा साध्या गोष्टींवरून दाखवतात. पुढे तर सूत्रेच माणसांसारखी बोलू लागतात, वाद घालतात. शास्त्रीय ग्रंथात हे धाडस क्वचितच कोणी केले असेल. हे सगळे आजही वाचनीय आहे.

या पाचांत सर्वांत उपेक्षित सूत्र तिसरे, असे आमचे मत आहे. दुसऱ्या सूत्राची मागणी करायला वाचक हजर असतो. तो काउंटरवर येतो, तक्रार करतो, वर्गणी बंद करण्याची धमकीही देतो. तिसऱ्या सूत्राची मागणी करणारे पुस्तक मात्र मुके असते. ते कपाटात उभे राहते आणि वाट पाहते. म्हणून रंगनाथन त्याच्यासाठी उपाय सुचवतात: वाचकाला कपाटापर्यंत जाऊ देणारी मुक्तद्वार पद्धती, विषयवार मांडणी, चांगली तालिका, संदर्भसेवा, प्रसिद्धी आणि विस्तारकार्य. उपाय बिनतोड आहेत. पण नीट पाहिले तर ते सारे एकाच दिशेने वाहतात, ग्रंथपालाकडून वाचकाकडे. वाचकाने यावे, निवडावे, तृप्त व्हावे. ग्रंथालय उभे करण्यात आणि पुस्तकाला वाचक मिळवून देण्यात समाजाचा हात किती, याचे उत्तर ग्रंथात आम्हाला पुरेसे मिळाले नाही. पुढे १९४८ साली मद्रास प्रांतात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यामागे रंगनाथनांचेच परिश्रम होते, आणि त्यात ग्रंथालय उपकराची तरतूद होती. ती योजनाही याच विचाराला धरून आहे: पैसा करातून, सेवा प्रशिक्षित ग्रंथपालाकडून, लाभ वाचकाला.

आम्ही बडोदेकर असल्यामुळे ही उणीव आम्हाला अधिक जाणवली असावी. पंचसूत्रीच्या दोन दशके आधी येथे एक निराळा प्रयोग झाला होता. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम अलान्सन बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाने घातला गेला. गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. १९१२ पासून ग्रंथालयविषयक एक नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. पण या सगळ्याहून मोलाचा होता तो अनुदानाचा नियम. गावाने ग्रंथालयासाठी ठरावीक रक्कम जमवायची, तेवढीच प्रांत पंचायतीने द्यायची आणि तेवढीच सरकारने. गावाने आपला वाटा उचलल्यावाचून ग्रंथालय नाही. मोतीभाई अमीन यांच्यासारखा शिक्षक गावोगाव वाचनाचा प्रसार करीत हिंडला, तो याच वाट्याच्या बळावर. ज्या पेटीसाठी शेतकऱ्याने पदरचे चार आणे दिले, ती उघडून पाहावी असे त्याला वाटणारच.

या प्रयोगाचे दोषही सांगितले पाहिजेत. त्याचा कणा एका राजाची इच्छाशक्ती हा होता. १९३९ साली महाराज गेले, १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजा बदलला तरी मोडू नये अशी व्यवस्था हवी, हा रंगनाथनांचा कायद्याचा आग्रह येथे खरा ठरतो. कायद्याने ग्रंथालय टिकते. प्रश्न इतकाच की, त्यातील पुस्तक कोण वाचते?

हा प्रश्न आम्ही नोकरीत असताना विचारला नाही, हे कबूल करावयास हवे. काही वर्षे एका जिल्ह्यात अनुदानित वाचनालयांची तपासणी आमच्याकडे होती. दाखल नोंदवही पाहावी, पुस्तकांवर शिक्के आहेत का ते पाहावे, वृत्तपत्रांची संख्या, खुर्च्या, हिशेब, सभेचे इतिवृत्त तपासावे आणि शेरा लिहावा. खरेदीची पावती आम्ही बारकाईने पाहत असू. खरेदी केलेले पुस्तक कोणी घरी नेले का, हे विचारण्यासाठी नमुन्यात रकाना नव्हता आणि नमुन्याबाहेर जाऊन विचारावे असे आम्हाला सुचले नाही. एका गावात नव्या पुस्तकांचा गठ्ठा सुतळीसकट कपाटात होता. नोंदी पूर्ण असल्याने आम्ही 'समाधानकारक' असा शेरा दिला. ती सुतळी साखळीच होती, हे आज कळते.

याचे फळ आमच्या दारी आले. आमच्या भागातील एका जुन्या वाचनालयात मराठी पुस्तकांची सात कपाटे आहेत. जागा अपुरी पडू लागल्यामुळे, दहा वर्षांत एकदाही देवघेव न झालेली पुस्तके काढून टाकावीत असा प्रस्ताव गेल्या वर्षी कार्यकारिणीपुढे आला. आम्ही विरोध करण्याच्या तयारीने गेलो. ग्रंथपाल बाईंनी वाद घातला नाही. एक कपाट उघडून दिले आणि पुस्तकांतील तारखेच्या चिठ्ठ्या पाहावयास सांगितले. दुपारभर आम्ही चौघे त्या चिठ्ठ्या पाहत होतो. कित्येकांवर शेवटचा शिक्का आमच्या तारुण्यातला होता. मराठीच्या नावाने हळहळणारे आम्ही, आणि आमच्या स्वतःच्या कार्डावर वर्षभरात तीन नोंदी. प्रस्ताव मांडणाऱ्या तरुण सदस्याला उत्तर द्यायला आमच्याजवळ काही नव्हते.

त्या दिवशी एवढेच ठरले की प्रस्ताव वर्षभर थांबवावा, आणि प्रत्येक सभासदाने एकेका फळीचे पालकत्व घ्यावे. पालकाने त्या फळीवरील पुस्तके चाळायची आणि दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्यांतील एकाविषयी दहा मिनिटे बोलायचे. ते पुस्तक मागण्यासाठी निदान एकाने हात वर केला पाहिजे, ही अट. पहिल्या शनिवारी नऊ माणसे होती. पाककृतींच्या एका जुन्या पुस्तकाला तीन वाचक लागले; आम्ही निवडलेल्या चरित्राला कोणी हात लावला नाही. चौथ्या महिन्यात एक आजी नातवाला घेऊन आल्या. मुलगा मराठी अस्खलित बोलतो, पण शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी वाचताना अडखळतो. त्याने प्रवासवर्णन निवडले. आजी वाचतात, तो ऐकतो. नोंद कोणाच्या नावावर करावी, असे बाईंनी विचारले, तेव्हा त्याने आपले नाव सांगितले.

वर्ष सरले तेव्हा कपाटातील प्रत्येक पुस्तक हलले नव्हते. निम्म्याहून अधिक जागेवरच होती, आणि त्यांतील काही काढावीत यास आम्हीच संमती दिली. तिसरे सूत्र मृत पुस्तकाला उठवू शकत नाही, तसा त्याचा दावाही नाही. मात्र कोणते पुस्तक मृत आहे हे त्याला वाचक शोधून दिल्यानंतरच ठरवता येते. तो शोध एकट्या अर्धवेळ ग्रंथपालाने घ्यावा असे म्हणणे अन्यायाचे आहे.

म्हणून आमचा निष्कर्ष असा: रंगनाथनांच्या ग्रंथाने ग्रंथपालाला त्याचे कर्तव्य शिकवले, आणि ते इतक्या स्पष्टपणे पूर्वी कोणी शिकवले नव्हते. वाचकाचे कर्तव्य मात्र त्यात गृहीत धरले गेले. बडोद्याच्या त्या तिसऱ्या हिश्श्यात ते होते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर याचा विसर पडून चालणार नाही. येथे मराठी पुस्तक टिकावे ही अपेक्षा सरकारकडे किंवा ग्रंथपालाकडे सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. अनुदानाची मागणी अवश्य करावी; पण मागणीचा अर्ज लिहिण्यापूर्वी आपल्या कार्डावरील नोंदी मोजाव्यात. आमच्या या वर्षी एकवीस झाल्या. समाधानकारक, असा शेरा मात्र आम्ही आता लिहिणार नाही.